नेनिताचं घर

आमच्या घरासमोर उभं राहून एक फोटो काढू का, असं नेनिताने पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला बरंच वाटलं होतं. अमेरिकेतल्या या ईडन प्रेरीत आमच्यासारखी घरं ढिगाने आहेत. रांगेतलं आमचं कुठलं ते कळायला गॅरेजवरचा नंबर वाचावा लागतो. तरी कुणी आपल्या दारात उभं राहून हसलं की माणूस सुखावतोच. मी स्वतः तिचा फोन हातात घेतला आणि म्हटलं, "जरा डावीकडे सरक, कचऱ्याचा डबा येतोय."

नेनिता माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, सांभाळायला येते. दोन वर्षांपूर्वी अण्णा बर्फावर घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून. ती फिलिपिन्सची, इलोइलोजवळच्या एका छोट्या गावची, वय चोपन्न. सकाळी साडेसातला येते, तीनला जाते, आणि इथून थेट एका नर्सिंग होममध्ये दुसऱ्या कामाला. आणखी तिघींबरोबर दोन खोल्यांत राहते. अण्णा तिला नेनिताबाई म्हणतात आणि तिच्याशी खुशाल मराठीत बोलतात. ती इंग्रजीत उत्तर देते, मध्येच 'बसा' आणि 'गोळी' पेरते, आणि दोघांचं कुठेही अडत नाही. आमचं बोलणं मात्र इंग्रजीतच, आणि मी तिची 'मॅम'. नुसतं नीला म्हण, असं मी सुरुवातीला दोनतीनदा सांगितलं. तिने मान डोलावली आणि मॅम म्हणत राहिली.

फोटो वाढत गेले. एकदा गाडीपाशी, एकदा जिन्यावर, एकदा फ्रीजचं दार उघडं ठेवून. त्या फ्रीजमध्ये ताकाचं भांडं आणि कालची वांग्याची भाजी होती, त्यात काय बघण्यासारखं होतं देव जाणे. मी विचारलं नाही. माझ्या स्वभावाला धरून तेव्हाच विचारायला हवं होतं.

मग खोका आला. कमरेएवढा पुठ्ठ्याचा खोका. खोलीत मावत नाही म्हणून तुमच्या गॅरेजमध्ये ठेवू का, असं तिने विचारलं. दर आठवड्याला त्यात काही ना काही पडायचं. साबण, टूथपेस्ट, डबाबंद मांस, चॉकलेटं, टॉवेल, बूट. प्रत्येक वस्तूवर चिकटपट्टी आणि पट्टीवर नाव. खोका गच्च भरला की एक व्हॅन येऊन घेऊन जायची, बोटीने दोन महिन्यांत तो तिच्या आईच्या दारात पोचायचा. दुसऱ्याच दिवशी नवा खोका उघडलेला. मला हसू यायचं, पण कुठल्या तोंडाने हसणार? नागपूरला जायच्या आधी मी स्वतः महिनाभर बाथरूमच्या वजनकाट्यावर बॅगा चढवत असते. जावेच्या बहिणीच्या मुलीलासुद्धा परफ्यूम लागतो.

"इतकं पाठवतेस, एकदा स्वतःच जाऊन ये ना," मी एकदा म्हटलं. नऊ वर्षं ती घरी गेली नव्हती.

"जायचं म्हणजे फार लागतं, मॅम."

"तिकीट?"

"तिकीट नाही. बाकीचं."

बाकीचं म्हणजे पासालुबोंग, परगावाहून येणाऱ्याने प्रत्येकासाठी आणायची भेट. म्हणजे चाळीसेक माणसं. शिवाय अख्खं डुक्कर भाजून गल्लीला जेवण. गावच्या चर्चचं छप्पर गळतंय, त्यासाठीही सगळे तिच्याकडेच बघणार. "आणि मॅम, नऊ वर्षांनी येतेय म्हणजे ते सगळं मोठं हवं," ती म्हणाली.

हे सगळं नेहमीचंच म्हणून मी सोडून दिलं असतं. पण जानेवारीत तिच्या आईच्या डोळ्यांचं कळलं. काचबिंदू, दोन्ही डोळे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उरलेली नजर फार तर वर्षअखेरपर्यंत. एक्याऐंशी वर्षांची आई फोनवर एकच म्हणत होती: मला तुझा चेहरा बघायचाय, रिकाम्या हाताने ये.

"मग जा," मी म्हटलं.

"रिकाम्या हाताने ये, असं सगळ्याच आया म्हणतात," नेनिता म्हणाली.

ते मात्र खरं होतं. माझी आईही दरवेळी म्हणते, काही आणू नकोस गं. आणि मी बॅग उघडली की शेजारच्या काकूंना हाक मारते.

त्याच महिन्यात एका सकाळी मी वरच्या खोलीतून खाली उतरत होते. घरून काम, केसांना तेल चोपडलेलं, अंगात नवऱ्याचा, उल्हासचा, जुना स्वेटर. जिन्यावरूनच ओरडले, "नेनिता, अण्णांची आठची गोळी दिलीस?"

"येस, मॅम," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

मी आत गेले तर ती फोन उंच धरून उभी. आईचा वाढदिवस होता. तिकडे रात्रीचे दहा वाजले होते आणि पडद्यावर पंधरावीस माणसं दाटीवाटीने बसली होती, गाणी, गोंगाट. नेनिताने मला बघितलं, क्षणभर थबकली, मग कॅमेरा माझ्याकडे वळवून तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. तिकडे हशा पिकला. एक बाई हात हलवत इंग्रजीत म्हणाली, "हॅलो, हेल्पर!"

मीही हात हलवला. चहाचं आधण ठेवलं. डिशवॉशर उघडून भांडी लावायला लागले. चार वाट्या लावून झाल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला.

फोन बंद होईपर्यंत मी थांबले, ते कसं थांबले माझं मला ठाऊक. मग म्हटलं, "कोण हेल्पर?"

नेनिता रडली वगैरे नाही. अण्णांसाठी सफरचंद सोलत होती, ते सोलत राहिली. "त्यांना वाटतं हे माझं घर आहे. मी तसं सांगितलं नव्हतं, मॅम. पहिला फोटो बघून त्यांनीच ठरवलं. मी नाही म्हटलं नाही, एवढंच."

"आणि मी?"

"तुम्ही मदतीला असता."

"आणि अण्णा?"

ती जरा अडखळली. "अण्णा तुमचे वडील. तुम्हाला राहायला जागा नव्हती, म्हणून मी दोघांनाही ठेवून घेतलं."

अण्णांना इंग्रजी उत्तम कळतं. खुर्चीतून ते म्हणाले, "बाई मनाच्या मोठ्या आहेत."

माझा संताप संताप झाला. ज्या घरासाठी मी पंधरा वर्षं मान मोडून काम केलं, तिथे मी आश्रित? संध्याकाळी उल्हासला सांगितलं तर तो पोट धरून हसला.

"यार नीला, चिल कर. तुझं डिमोशन झालंय, बस."

"हसू नकोस. मी तिला उद्या सांगणार, पुरे म्हणून."

"सांग. पण आधी आठव, शंतनूच्या लग्नाला आपण कसे गेलो होतो."

तीन वर्षांपूर्वी उल्हासचा जॉब गेला होता, आणि त्याच महिन्यात पुतण्याच्या लग्नाला आम्ही नागपूरला गेलो होतो. नेहमीच्या चार बॅगा नेल्या, आहेर उलट जास्तच केला. रोज संध्याकाळी उल्हास लॅपटॉप घेऊन गच्चीवरच्या खोलीत बसायचा. आणि मी खाली पाहुण्यांना सांगायची, हळू बोला हं, त्यांचा कॉल चाललाय.

दुसऱ्या दिवशी मी नेनिताला काढलं नाही. फक्त म्हटलं, "आईला खरं सांगून टाक. मग काही न्यायला नको, सरळ जाऊन भेटता येईल."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मूर्ख मीच ठरले. "मॅम, त्या फोटोंमुळे आईला चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसवतात. मी खरं सांगितलं तर तिला उठवतील का? नाही उठवणार. पण तिच्याकडे बघतील."

मला अजूनही कळत नाही, हे खोटं तिचं होतं, तिच्या आईचं होतं की त्या गल्लीचं? आणि ज्या फोटोंमुळे आईचा मान वाढला, त्यांनीच लेकीची वाट अडवली होती. जितकं घर मोठं, तितकं गावाला जाणं अवघड. आणि ज्या आईसाठी हा सगळा देखावा, तिला तर फोटोतलं धड दिसतही नव्हतं. शेजारीपाजारीच तिला घराचं वर्णन करून सांगायचे.

एप्रिलमध्ये आईला दारातला माणूस ओळखू येईना. ते ऐकलं त्या दिवशी मी काय केलं, याचं मला स्वतःलाच नवल वाटतं. आमच्या दोन मोठ्या बॅगा खाली आणल्या. नागपूरसाठी जमवलेले परफ्यूम आणि चॉकलेटं त्यांत भरली. माझी चांगली पर्स दिली, बरा कोट दिला. चिकटपट्टीवर नावं नेनिताने घातली. खोटेपणाची मला चीड आहे असं मी आयुष्यभर सांगत आलेय, आणि तिथे गुडघ्यावर बसून मी त्या खोट्याची चेन ओढून लावत होते. अण्णांनी पाकिटातून काढून तिच्या हातात काही नोटा कोंबल्या आणि म्हणाले, "देवळाच्या छपराला." नेनिता मे महिन्यात तीन आठवड्यांसाठी गेली.

परत आली ती उन्हाने काळवंडून आणि वाळून. पहिल्याच सकाळी अण्णांचं सफरचंद घेऊन बसली. मला राहवेना.

"आईने बघितलं तुला?"

"बघितलं, मॅम. घरात नाही दिसत तिला. म्हणून दुपारी मला मागच्या अंगणात नेलं, कडक उन्हात. माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि अगदी नाकाजवळ आणून बघितला. बराच वेळ. म्हणाली, म्हातारी झालीस."

सालीची लांब पट्टी बशीत पडली.

"मग हळूच विचारलं, ती बाई तुझ्याशी नीट वागते का?"

"कुठली बाई?"

"तुम्ही."

"पण मी तर हेल्पर ना?" तेव्हा तिने सांगितलं. आई तरुणपणी मनिलात एका घरी अकरा वर्षं कामाला होती. वाढदिवसाच्या त्या कॉलवर सगळे पडदा बघत होते, घर बघत होते, फ्रीज बघत होते. आईला दिसत नव्हतं, ती फक्त ऐकत होती. त्या गोंगाटात तिला लेकीचं 'येस, मॅम' ऐकू आलं. ते कशा आवाजात म्हणतात, ते तिला ठाऊक होतं. एवढ्यावरून तिला सगळं कळलं. कुणाला ती काही बोलली नाही, आणि लेकीलाही म्हणाली, कुणाला बोलू नकोस.

"मग तू काय उत्तर दिलंस?" मी विचारलं.

"चुलत बहिणी दारातच उभ्या होत्या, मॅम. त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, बाई चांगली आहे, फक्त भांडी नीट लावत नाही." नेनिता हसली. "आईपण हसली."

अण्णाही हसले. मीसुद्धा हसले, आणि उठून डिशवॉशरकडे गेले. नेनिताने फोडी केल्या, बशी अण्णांपुढे ठेवली आणि म्हणाली, "बसा, गोळी आणते." दोन वर्षं ती आमच्याकडे येते. दुपारचा डबा ती लाँड्रीच्या खोलीत उभ्याने खाते. टेबलाशी बस, असं मी एकदाही म्हटलेलं नाही, हे मला वाट्या लावता लावता आठवलं. चुलत बहिणी दारात नसत्या तर तिने काय उत्तर दिलं असतं, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

मी विचारलं नाही.