काळी गाडी, चकचकीत जावई

काळ्या रंगाची गाडी घेऊ नकोस, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. म्हणून मी ती घेतली.

लालबागला आमच्या बिल्डिंगखाली ती उभी राहिली की जाणारा-येणारा वळून बघायचा. मी रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी जुन्या बनियनने तिला प्रेमाने पुसायचो. गोल गोल, गोल गोल. (बाळाच्या पोटाला तेल चोळतात ना, तसं!) आणि एका रविवारी भर उन्हात माझ्या लक्षात आलं की बॉनेटवर बारीक ओरखड्यांची वर्तुळंच वर्तुळं उमटली आहेत.

"वैशाली!" मी बायकोला खाली बोलावलं. "हे बघ, कोळ्याने जाळं विणल्यासारखं झालंय!"

"कोळ्यांना काही बोलायचं नाही हां," ती म्हणाली. माझी सासुरवाडी वरळी कोळीवाड्यातली आहे, हे सांगायचं राहिलंच.

एरवी मी गप्प बसलो असतो. पण माझ्या मेहुण्याचं, प्रसादचं, लग्न तोंडावर आलं होतं आणि 'नवरदेव माझ्या गाडीतून जाणार' असं मी स्वतःहून सासूबाईंना सांगून बसलो होतो. सासूबाईंना सगळे मम्मी म्हणतात, मीसुद्धा. दादरच्या बाजारात त्यांचा माशांचा गाळा आहे. नवरा लवकर गेला, तरी त्या एका गाळ्यावर त्यांनी दोन मुलांची शिक्षणं केली, आणि हे करताना कुणावर आवाज चढवला असेल तर फक्त सुरमईला 'जुनी आहे' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकावर! अशा बाईच्या एकुलत्या एक मुलाला जाळीदार गाडीत बसवायचं?

कॉटन ग्रीनच्या एका जुन्या गोदामात जयेश नावाचा माणूस गाड्यांना पॉलिश करतो, असं कळलं. जयेशने दिवा जवळ धरून बॉनेट पाहिलं आणि डॉक्टर एक्स-रे बघताना करतात तसा 'च्' केला.

"स्वर्ल मार्क्स. कोरड्या फडक्याने येतात. निघतील, पण घाई करू नका."

मग त्याने मशीन लावलं. मी बाजूला स्टुलावर बसून बघत राहिलो. लहान पोराचं जावळ काढावं तसा त्याचा हात त्या पत्र्यावरून फिरत होता. एक पट्टा झाला की थांबायचा, पुसायचा, वाकून बघायचा, पुन्हा फिरवायचा. जाळं विरत गेलं आणि खालून असा काळा रंग वर आला की त्यात मला माझा चेहरा दिसला. दाढी करताना हनुवटीखाली राहिलेले केससुद्धा दिसले!

"आता कोणाला टेकू देऊ नका," जयेश म्हणाला.

हे वाक्य त्याने मला सांगायला नको होतं.

लग्नाच्या दिवशी गाडी कोळीवाड्याच्या तोंडाशी उभी केली, कारण आतल्या गल्लीत ती शिरणं शक्यच नव्हतं. मी मोत्यांची, जरीची, भाड्याची शेरवानी घालून गाडीभोवती फेऱ्या मारू लागलो. एक मावशी काचेत बघून नथ सारखी करायला आली. "मावशी, लांबून!" एक काका केस विंचरायला आले. "काका, कंगवा आत!" तेवढ्यात फुलवाला हार आणि सेलोटेपचं भेंडोळं घेऊन आला.

"सेलोटेप? पेंटवर?" मी असा किंचाळलो की बँडवाल्यांना वाटलं, सुरू करायचा इशारा झाला. त्यांनी धडाक्यात वाजवायला घेतलं!

वैशालीने कपाळाला हात लावला. "अरे, नवरदेवाची गाडी आहे. फुलं नकोत?"

"माझ्या प्रेतावरून लाव!"

"मंगल दिवशी काय बोलतोस रे!"

गलका ऐकून मम्मी आल्या. हिरवं लुगडं, गळ्यात सोनं, कानांत ठसठशीत कुड्या. आता माझी शोभा होणार, याची मला खात्री पटली. मम्मींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा गाडीकडे, आणि फुलवाल्याला म्हणाल्या, "दे ते हार हिकडं. गाडीला कशाला? तिचा आरसाच झालाय. बायांनो, या गं, माळा केसांत!"

बघता बघता सगळ्या बायकांच्या अंबाड्यांवर फुलं चढली. त्या गाडीच्या दोन्ही बाजूंनी नाचू लागल्या आणि काळ्या पत्र्यात झेंडूच झेंडू हलायला लागला! एकही फूल न चिकटवता गाडी सजली. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. असं डोकं माझ्या अख्ख्या ऑफिसात मिळून नाही.

प्रसाद मागे बसला, मी गाडी चालू केली. मुंगीच्या पावलाने वरात निघाली. आणि समोरून प्रसादचे मित्र आले. नाचत. एकमेकांच्या खांद्यावर. सगळ्यांच्या कमरेला पट्टे, पट्ट्यांना मोठमोठी बकलं!

मी हँडब्रेक ओढून बाहेर उडी मारली, दोन्ही हात पसरले आणि गाडीला पाठ लावून ओरडलो, "लांब! लांब व्हा!"

ते कशाला लांब होतात? त्यांना वाटलं, जीजू नाचतायत. "जीजू! जीजू!" करत सगळे माझ्या अंगावर आले, आणि त्या लाटेने मला पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत गाडीवरून असं घासत नेलं की विचारू नका.

खर्रर्रर्र!

बँड थांबला. एकाही बकलाचा गाडीला स्पर्श झाला नव्हता. झाला होता तो माझ्या पाठीवरच्या मोत्यांचा! हेडलाइटपासून डिकीपर्यंत वेलबुट्टी उमटली होती.

प्रसादने काच खाली केली. "जीजू, लागलं का?"

"मला नाही रे," मी रडवेल्या आवाजात म्हणालो.

मला पळून जावंसं वाटत होतं. मम्मी गर्दीतून वाट काढत आल्या, त्या वेलबुट्टीला पाठ करून उभ्या राहिल्या, लुगड्याचा पदर पसरला आणि ओरडल्या, "काय थांबलाव? वाजवा रं! माझा जावई नाचतोय!" आणि माझा हात धरून त्यांनी मला खरोखरच नाचायला लावलं. त्या दिवशी फोटोवाला जिथे जिथे वळला, तिथे तिथे मम्मी गाडीच्या त्याच बाजूला उभ्या. अल्बममध्ये तो ओरखडा शोधून सापडत नाही. सून घरात येईपर्यंत त्या बाईने स्वतःच्या मुलाचं लग्न सांभाळता सांभाळता माझी लाजही सांभाळली!

लग्नानंतर गाडी पुन्हा जयेशकडे न्यायची होती. मम्मी म्हणाल्या, "मी येते, तुम्ही एकटे रडत बसाल."

जयेशने दिवा धरला आणि हेडलाइटपासून डिकीपर्यंत वाकून बघत गेला. "हे कोणी केलं, साहेब? असं डिझाइन मी पहिल्यांदा बघतोय."

मी खाली बघत होतो. मम्मी म्हणाल्या, "लग्नात व्हतं असं. आमच्यातलाच एक हाय. गुणी हाय बिचारा, पण चकचकीत दिसलं की पिसाळतो."

"लग्नात असा एक नग असतोच," जयेश समजुतीने म्हणाला. "साहेब, पुढच्या वेळी एवढंच करा. त्या माणसाला गाडीच्या जवळपास फिरकू देऊ नका."

"नाही जमणार हो," मी म्हणालो. "घरात लायसन त्या एकट्याकडेच आहे."