शेवंतीच्या तोंडातलं लोखंड

"डॉक्टरबाय, अंगठा मधे नका घालू. दाढ लागली तं अंगठा हितंच ऱ्हाईल," दामूकाका म्हणाले.

माझा उजवा हात शेवंतीच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत गेला होता. डाव्या हातात टॉर्च. शेवंती म्हणजे फिकट पिवळ्या रंगाची घोडी. दामूकाका तिचे मालक. खाडीकाठच्या शेतकरी घरातले, वसई रोड स्टेशन ते वसई गाव टांगा चालवायचे. आणि मी दातांची डॉक्टर. माणसांच्या दातांची.

सत्तरीच्या दशकाचा शेवट होता. बीडीएस होऊन मला जेमतेम दोन वर्षं झाली होती. पापडीला दवाखाना टाकला होता आणि दिवसाला तीन पेशंट आले तर पुष्कळ, अशी स्थिती होती. दात दुखला की लोक लवंगेचं तेल लावून गप्प बसत. फारच झालं तर मुंबई गाठत. गावातल्या मुलीकडे तोंड उघडायला कोणी तयार नव्हतं. मी रोज दामूकाकांच्या टांग्यानेच दवाखान्यात जायचे, तेव्हा शेवंतीची आणि माझी ओळख होतीच.

दोन महिन्यांपासून ती बिघडली होती. लगाम ओढला की मान वर फेकायची, जीभ बाहेर काढायची, कधी मागे मागे सरकायची. उमेळ्याच्या वळणावर तिने अशी काही मान झटकली की टांगा कलंडला आणि एक म्हातारी मावशी खाली पडली. मनगट मुरगळलं, एवढ्यावर निभावलं. पण तक्रार गेली. टांग्यांचे परवाने बघणारे साहेब येऊन सांगून गेले, "महिन्याने मी स्वतः बसून बघणार. घोडी अशीच वागली तर बिल्ला काढून घेईन."

बिल्ला गेला म्हणजे टांगा गेला.

टांगा स्टँडवरच्या लोकांनी उपाय सुचवला होता, काटेरी कडियाळं. लगामाचा जो लोखंडी भाग घोड्याच्या तोंडात राहतो, त्याला कडियाळं म्हणतात. ते मोकळ्या हिरडीवर टेकतं. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये चार बोटं जागा असते, तिथे. लगाम ओढला की ते जिभेवर आणि हिरडीवर दाबतं आणि घोड्याला कळतं की वळायचंय, थांबायचंय. काटेरी कडियाळ्याला पीळ दिलेला असतो. जास्त टोचतं, म्हणून घोडं लवकर ऐकतं, असा हिशेब. दामूकाकांनी ते दोन दिवस लावलं. तिसऱ्या दिवशी फेसात रक्त दिसलं तसं काढून फेकलं आणि माझ्या दवाखान्यात येऊन खुर्चीवर बसले.

"कुठला दात?" मी विचारलं.

"माजा नाय. शेवंतीचा."

"काका, घोड्यांचे डॉक्टर आहेत ना सरकारी दवाखान्यात."

"निकमसायेब बघून गेले. दाढंची धार घासून दिली. म्हनतात, तोंड साफ हाय. पन तोंड साफ हाय तं ती रडते कशाला?"

मी टॉर्च घेऊन बाहेर गेले.

जीभ दोन्ही बाजूंनी घासली होती. ओठांचे कोपरे सोलवटले होते. मला वाटलं, लोखंड टोचतंय, मऊ काहीतरी हवं. सामान आणायला मुंबईला गेले तेव्हा घोड्यांच्या सामानाच्या एका दुकानातून जाडजूड रबर चढवलेलं कडियाळं घेऊन आले. हाताला अगदी लोण्यासारखं लागत होतं. दामूकाकांना म्हटलं, "हे लावा. आता तिला काही त्रास नाही होणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी टांग्यात मी स्वतः बसले होते. शंभर पावलं गेली असतील. शेवंतीने तोंड वासलं, जीभ बाहेर टाकली आणि उलटी चालायला लागली. मागचं चाक केळीच्या वाडीच्या पाटात गेलं. मी चिखलात उतरले, चपला हातात. रस्त्यावर माणसं जमली. कोणीतरी म्हणालं, "घोडीची डॉक्टर आली बघा."

डॉ. निकमांना कळलं. ते दवाखान्यात आले आणि उभ्याउभ्याच बोलले, "मॅडम, तुम्ही माणसांचे दात बघा. जनावराला काय लावायचं ते आम्हाला विचारा."

"चुकलं माझं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? चुकलं होतंच.

दामूकाकांनी मात्र मला दोष दिला नाही. साहेब यायला तीन आठवडे उरलेले आणि माझ्या शहाणपणाने घोडी आणखी बिथरलेली. मी म्हटलं, "काका, मला यातलं कळत नाही." तर ते म्हणाले, "बाय, स्टँडवरल्यांनी तिला मारायचा उपाय दिला. तुमी निदान ती सुखात ऱ्हावी म्हनून काय तरी केलं. आनखी एकदा बगा."

त्या एका वाक्याचे उपकार मी अजून मानते. माझ्यावर तेव्हा माझाच विश्वास नव्हता.

त्याच आठवड्यात एका निवृत्त मास्तरांची कवळी चालू होती. कवळी बसवताना आम्ही मेण वापरतो. गुलाबी रंगाचा पत्रा असतो, गरम पाण्यात मऊ करायचा, पेशंटने त्यावर तोंड मिटायचं. वरच्या आणि खालच्या जबड्यात किती जागा आहे, कुठे दाब पडतो, सगळं त्या मेणावर उमटतं. मास्तर मेण चावून बसले होते आणि माझ्या डोक्यात एकदम आलं. शेवंतीच्या तोंडात काय घालायचं हे मी ठरवत होते, पण जागा किती आहे हे मोजलंच नव्हतं.

पेरूची एक सरळ काठी सोलली, उकळली, तिच्यावर मेण गुंडाळलं आणि कडियाळ्याच्या जागी शेवंतीच्या तोंडात ठेवली. दामूकाकांनी दोन्ही टोकं धरली. मी त्यांना आधी डावीकडे, मग उजवीकडे हलकेच ओढायला सांगितलं. मिनिटभराने काठी बाहेर काढली.

मधोमध मेण कागदासारखं पातळ झालं होतं. म्हणजे शेवंतीची जीभ जाड, टाळू बसकी आणि दोन्हींमध्ये जागा अगदी थोडी. मी आणलेलं जाड रबर तिच्या तोंडात बूच मारल्यासारखं बसलं असणार. मऊ होतं, पण मावतच नव्हतं.

दुसरी खूण उजव्या टोकाला होती. वरच्या बाजूने, मुगाच्या दाण्याएवढा खळगा. डाव्या टोकाला तसं काही नव्हतं. नुसत्या हिरडीने असा खळगा पडत नाही. हिरडीखाली काहीतरी टणक होतं.

"काका, ती मान कुठल्या वळणावर झटकते?"

त्यांनी हवेतच लगाम ओढून पाहिला. मग म्हणाले, "उजव्या. उमेळ्याला पन उजवंच वळन."

मेणाची काठी रुमालात गुंडाळून मी डॉ. निकमांकडे गेले. ते हसतील अशी तयारी ठेवली होती. त्यांनी काठी उजेडात धरली, फिरवून फिरवून पाहिली आणि टोपी चढवली. आम्ही दोघं टांगा स्टँडवर गेलो. त्यांनी पहिल्या दाढेच्या पुढे बोट ठेवून दाबलं, तशी शेवंती कळवळली.

"हिरडीखाली दडलेला दात आहे," ते म्हणाले. "काही घोड्यांना असतो हा, बिनकामाचा. बाहेर आला की दिसतो. हा आलाच नाही. मी दोनदा तोंड तपासलं, मॅडम, पण इथे दाबून नाही पाहिलं."

कडियाळं दर उजव्या वळणाला त्या दातावर आपटत होतं. जिला सगळे आडमुठी म्हणत होते, तिचा दात दुखत होता.

दात डॉ. निकमांनीच काढला. इंजेक्शन त्यांचं, दात सैल करायचं हत्यार माझं. चण्याएवढा निघाला. जखम भरेपर्यंत तोंडात कडियाळं घालायचं नाही असं ठरलं. टांगा उभा राहिला. दामूकाका रोज शेवंतीला नुसती दोरीची म्होरकी बांधून पायी फिरवायचे आणि मिठाच्या पाण्याने तिचं तोंड धुवायचे.

मग कडियाळं. आता काय हवं ते मेणाने सांगितलं होतं. पातळ आणि जिभेला जागा देणारं. साध्या कडियाळ्याला मधे एकच सांधा असतो. लगाम ओढला की ते अडकित्त्यासारखं दुमडतं आणि बसक्या टाळूला मधला कोपरा टोचतो. डॉ. निकम म्हणाले, दोन सांध्यांचं करून घेऊ, मधे चपटी गुळगुळीत कडी, म्हणजे ते जिभेवर वाकून बसेल. सोपाऱ्याच्या एका लोहाराने मेणाच्या काठीवरून माप घेऊन ते घडवलं. तोंडाच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना जेमतेम कणभर जास्त. घट्ट झालं तर ओठ चिमटतात, सैल झालं तर सरकतं.

सांध्यांना थोडी खरखर होती. ती मी माझ्या मशीनवर काढली. कवळीला शेवटची चकाकी द्यायचं मशीन होतं. जिभेच्या शेंड्याला लागेल ते बोटाला कळत नाही, म्हणून ते उकळून मी माझ्याच जिभेवर फिरवून पाहिलं. डॉ. निकम बघत होते. म्हणाले, "हे कुठे लिहून ठेवू नका."

पहिल्या दिवशी शेवंतीने ते तोंडात घेतलं, दोनदा चघळलं आणि उभी राहिली. ती अजून चघळत होती. ओठाला पांढरा फेस आला. डॉ. निकम म्हणाले, "फेस आला ना, तोंड सैल सोडलंय तिने. आवडलंय."

दामूकाकांनी तिच्या मानेवर कपाळ टेकलं.

साहेब ठरल्याप्रमाणे आले. स्टेशनपासून पापडीपर्यंत बसले, परत स्टेशनपर्यंत बसले. उमेळ्याच्या वळणावर समोरून एसटी आली, ड्रायव्हरने भोंगा दाबला. शेवंतीने कान टवकारले आणि बोटाच्या इशाऱ्यावर उजवीकडे वळली. साहेब उतरले, म्हणाले, "घोडी बदलली वाटतं."

"नाय सायेब," दामूकाका म्हणाले. "तीच हाय."

त्यानंतर दामूकाकांनी माझ्यासाठी जे केलं ते मी त्यांना करायला सांगितलं नव्हतं. टांग्यात कोणी गालाला हात लावून बसलं की ते टांगा थेट माझ्या दारात उभा करायचे. "घोडीनं तोंड उघडलं बायसमोर, तुमाला कसली भीती?" वर्षभरात दवाखान्याबाहेर बाक टाकावा लागला. डॉ. निकमांची बदली होईपर्यंत त्यांच्या घरच्या सगळ्यांचे दात माझ्याकडेच होते.

पुढे रिक्षा आल्या आणि टांगे गेले. शेवंतीने शेवटची वर्षं दामूकाकांच्या वाडीत गवत खात काढली.

मी नंतर हजारो कवळ्या बसवल्या. पूर्वी कोणी "टोचतंय" म्हणालं की मी "होईल सवय" म्हणून घरी पाठवायचे. शेवंतीनंतर ते वाक्य मी बंद केलं. आता मेण काढते.