शास्त्रीसर आणि माझ्या दत्तकाचा खटला

"काय सांगतेस! बौद्ध काका होम मागतोय?" शास्त्रीसरांनी दोन्ही हात टेबलावर आपटले. चहाचा कप उडाला. "अगं, मग ही केस मी घेणारच!"

मी रडवेली होऊन गेले होते आणि हा म्हातारा लहान पोरासारखा खूश! उठून सरळ निघून जावंसं वाटलं मला. नाही गेले, हे माझं नशीब.

उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये एका सिंधी कापडवाल्याच्या दुकानावर सरांचं ऑफिस होतं. संस्कृत पोथ्या आणि कायद्याची पुस्तकं एकाच कपाटात कोंबलेली. लहानपणी पाठशाळेत घोकंपट्टी, मग संस्कृतात डॉक्टरेट, मग वकिली, आणि या सगळ्याचा अर्क म्हणून दत्तकविधानावर लिहिलेला एक जाडजूड ग्रंथ. होमात कुठली आहुती कधी द्यायची यावर त्यात आख्खं प्रकरण आहे. बाजारातले लोक त्यांना एवढे मानायचे की दोन दुकानदारांचं भांडण कोर्टाआधी त्यांच्या जिन्यावर यायचं.

माझी भानगड अशी. जिला मी मावशी म्हणते, तिने मला जन्म दिला. तिला आधीच मुली होत्या आणि तिच्या थोरल्या बहिणीला मूल नव्हतं. मी रांगत होते तेव्हा मावशीने मला बहिणीच्या ओटीत घातलं. ती बहीण म्हणजे माझी आई. मावशी बदलापूरला, आम्ही अंबरनाथ पश्चिमेला. कागद केला नाही. सख्ख्या बहिणी-बहिणींत कोण कागद करतं हो? बुद्धवंदना झाली, खीर वाटली, संपला विषय.

बाबा गेले, मग आईही गेली. तिच्या पुण्यानुमोदनाला पोटभर जेवून गेलेल्या काकाने थोड्याच दिवसांत दावा ठोकला. म्हणे ही दत्तक नाहीच, दत्तकाचा होम कुठे झाला, घर माझं! अरे वा रे वा! आमच्याकडे कोणी नुसता नारळ फोडला तरी धम्म शिकवायला उभा राहणारा माणूस हा. घर दिसलं आणि त्याला एकदम होम आठवला.

घर जाईल याची भीती होतीच. पण खरी आग वेगळीच होती. कोर्टाने काकाचं ऐकलं असतं तर आई माझी आई राहिली नसती. जिने मला न्हाऊमाखू घातलं, ती कागदोपत्री माझी कोणीच नाही! हे मी कसं सहन करणार होते?

"कायद्याने होम काढून टाकला, हात तेवढे ठेवले," सर म्हणाले. "देणाऱ्याने मूल उचलून दिलं पाहिजे, घेणाऱ्याने घेतलं पाहिजे. बाकी सगळा धूर!" होमावर अर्धं आयुष्य घालवलेला माणूस होमाला धूर म्हणत होता आणि वर हसत होता.

घेणारी दोघं गेलेली. देणाऱ्यांतली एकटी मावशी उरलेली. म्हणजे सगळा भार तिच्या साक्षीवर.

साक्षीदाराला वाक्यं पढवणं सरांना अजिबात मान्य नव्हतं. ते म्हणायचे, "तोंड घाबरतं, हात विसरत नाहीत. करून दाखवा." आज मीही वकिली करते आणि कोणी सांगताना अडखळलं की तेच म्हणते. साक्षीच्या तयारीला मावशी ऑफिसात आली त्या दिवशी त्यांनी तिच्या हातात सोफ्यावरची उशी दिली. मला आईच्या जागी उभं केलं. मावशीने उशी छातीशी धरली ती धरलीच. सोडेचना.

"नाही जमत, सर. एकदा जमलं, तेच खूप झालं," ती म्हणाली.

सरांनी आम्हाला घरी पाठवलं. रिक्षात मावशी माझ्याकडे बघायलाही तयार नव्हती. हिने कोर्टातही असंच केलं तर?

साक्षीच्या दिवशी खालचा कापडवाला ओरडला, "शास्त्रीजी, आज जीत के आना, साईं!" कोर्टात समोरच्या वकिलाने पिशवीतून काय काढावं? सरांचाच ग्रंथ! होमाचं प्रकरण त्याने मोठ्याने वाचायला घेतलं. सर उठले. "ग्रंथ विकत घेतलात की मागून आणलात? विकत घेतला असेल तर सही करून देतो." न्यायाधीशसुद्धा हसले.

मग वकील मावशीकडे वळला. "ही मुलगी तुमच्या पोटची ना?"

"हो."

"कागद नाही, होम नाही. बहिणीकडे नुसती राहायला ठेवली होती, असंच ना?"

मावशीचा चेहरा पडला. मी डोळे मिटून घेतले. संपलं सगळं, असंच वाटलं. तेवढ्यात तिचा आवाज आला, "साहेब, दाखवू का?"

न्यायाधीशांनी मान हलवली. मावशीने अंगावरची शाल काढली, गुंडाळली आणि एका टोकाखाली अलगद हात धरला. बाळाचं डोकं सांभाळतात ना, तसा. मला जवळ बोलावलं. मी ओढणी पसरली. पिंजऱ्यातून वाकून ती माझ्याकडे बघत म्हणाली, "ताई, घे. आजपासून ही तुझी. मी हिची मावशी."

आणि तिने सोडलं. हात लगेच मागे घेतले, पदराखाली लपवले. मी माझ्याच आईच्या जागी उभी राहून मलाच पोटाशी धरलं होतं. बाजूला सर चष्मा पुसत होते, पुसतच राहिले.

निकाल आमच्या बाजूने लागला तेव्हा सरांनी त्या वयात कोर्टाच्या पायऱ्यांवर उडी मारली. खरंच मारली! कापडवाल्याने आख्ख्या गल्लीला दालपकवान खाऊ घातलं, "अपनी बेटी जीत गई" म्हणून. त्या गोंधळात मी मावशीला घट्ट मिठी मारली आणि आयुष्यात पहिल्यांदा, न ठरवता, माझ्या तोंडून निघून गेलं, "आई!"

तिने माझ्या पाठीत धपाटा घातला. डोळे भरलेले, पण आवाज खणखणीत.

"मावशी म्हण. शपथेवर सांगून आलेय."