खडकापाशी थांबणारं इंजिन

तिसऱ्यांदा इंजिन बंद पडलं, तेही त्याच खडकासमोर. बाबी तांडेलाचे दोन खलाशी होडी सोडून घरी गेले. "देवचारान धरलेली होडी ही," म्हणाले.

साठच्या दशकाची सुरुवात होती. शिडाच्या होड्यांना डिझेल इंजिनं बसवायला मत्स्य खात्याने मला मालवणला मेकॅनिक म्हणून पाठवलं होतं. बाबीची होडी गावातली पहिली. ती बदनाम झाली असती तर बाबीला खलाशी मिळाले नसते आणि पुढे कुणी इंजिनाला हात लावला नसता.

मी फिल्टर धुतला, नळीतली हवा काढली, टाकीत पाणी नाही हे पाहिलं. किनाऱ्यावर इंजिन भर वेगात तासभर बिनतक्रार चाललं. रत्नागिरीच्या साहेबांना फोन केला.

"खडकापाशीच बंद पडतं म्हणजे काय? रिपोर्टमध्ये मला भुतंखेतं नकोत."

"सर, मलाही नकोत."

शेवटी मीच होडीत बसलो. सोबत बाबी आणि होडी न सोडलेले म्हातारे खलाशी दाजी. वाटेत दाजींनी गोष्ट काढली. देवचार म्हणजे त्या खडकाचा राखणदार. त्याला मान न देता निघालेलं गलबत त्याने भर वाऱ्यात, शिडं फुगलेली असताना, तीन दिवस जागच्या जागी धरून ठेवलं होतं. मी पाना हातात धरून ऐकतच राहिलो. तशी गोष्ट सांगणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

खडक आला. बाबीने टोपी काढली आणि इंजिनाचा वेगाचा दांडा पार मागे ओढला. दोन आचके, आणि इंजिन बंद.

"हे काय केलंत?"

"मान दिलंय. पयले हंय शीड उतरवत होतांव. आता शीड नाय, म्हणान मशीन हळू केलंय."

"मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलास खंय?" दाजी म्हणाले.

इंजिन कमीत कमी किती सावकाश फिरावं, हे एक स्क्रू ठरवतो. त्याला स्लो-रनिंग म्हणतात. डिझेल वाचावं म्हणून मीच तो फार खाली ठेवला होता. होडी खडकाकडे सरकू लागली. दाजींनी वल्हं घातलं, मी घाईघाईने स्क्रू वर घेतला. इंजिन सुरू झालं. बाबीने पुन्हा दांडा मागे घेतला. या वेळी ते धकधकत राहिलं.

"देवचारान सोडल्यान," दाजी हात जोडून म्हणाले. मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही खलाशी परत आले. रिपोर्टमध्ये लिहिलं, 'स्लो-रनिंग ॲडजस्ट केले.'

त्यानंतर कुठेही इंजिन बसवण्याआधी मी विचारायचो, वाटेत कुणाचा मान आहे का?

रिटायर झाल्यावर एकदा त्याच वाटेने लाँचमधून गेलो. खडक आला तरी वेग कमी झाला नाही. मला फार चुकल्यासारखं वाटलं. मी टोपी काढून मांडीवर ठेवली.

लाँचवाला वळून म्हणाला, "काय साहेब, उकडता?"