तात्यांची फरशी आणि माझे पत्र

तारखा आधी नोंदवतो, म्हणजे नंतर कुणी विस्मरणाची सबब सांगायला नको. जानेवारीचा दुसरा सोमवार : अमेरिकेतल्या पार्सिपनीत आमच्या घरी स्वयंपाकघराची आणि त्याला लागून असलेल्या देवघराची फरशी बसवून पूर्ण. त्याच आठवड्यातला शनिवार : फरशीखालची वीज सुरू करण्यात आली. फेब्रुवारीचा पहिला मंगळवार : माझे तक्रारपत्र. लगेचचा शुक्रवार : तात्यांना कामावरून काढले. त्याच वर्षीचा ऑक्टोबर : तात्या मिरजेत वारले. जबाबदार तिघे. एक, फरशीकामाचा ठेकेदार, ज्याने एका कागदावर माणूस निकालात काढला. दोन, तो कागद लिहिणारा मी. तीन, माझी पत्नी, जिची साक्ष पुढे येईल. गप्प तात्याही राहिले. पण त्यांना मी आरोपींत धरत नाही.

फरशीवाले तात्या ऐकून काम करत. बसवलेली प्रत्येक फरशी ते बोटाच्या पेराने ठोकत, मान तिरकी करून आवाज घेत आणि मगच पुढे सरकत. खालचा सिमेंटचा माल सगळीकडे धरला असेल तर आवाज भरीव येतो. कुठे पोकळी राहिली असेल तर रिकामा. मी एकदा म्हणालो, "तात्या, डॉक्टरसारखे तपासता की!" ते म्हणाले, "डॉक्टरचा पेशंट निदान दुखतंय तरी म्हणतो, साहेब. ही मुकी." उभी हयात मिरजेत गवंडीकामात गेलेली. मुलीने, मीनलने, इकडे बोलावून घेतले, आणि सोफ्यावर नुसते बसवेना म्हणून पासष्टीनंतर ते ठेकेदाराकडे रुजू झाले.

आमच्या घरात चपला दाराबाहेर राहतात. हिवाळ्यात देवापुढे पाटावर बसले तरी हिचे पाय बधिर होत आणि उठताना भिंतीचा आधार लागे. सांता क्लाराहून मुलाने फोनवर फर्मावले, "बाबा, हीटेड फ्लोअर करून टाका यार. आईचे हाल बघवत नाहीत." म्हणून हे काम निघाले. त्यात विजेची बारीक केबल जमिनीवर नागमोडी अंथरतात, तिच्यावर माल पसरतात आणि वर फरशी बसवतात. केबलला माल पसरायच्या करणीचा एक ओरखडा लागला तरी सगळे फुकट. आणि तो लागल्याचे वरून कधीच दिसत नाही.

त्या ओरखड्याचे तात्यांना जेवढे भय होते, तेवढे मी कुठल्या न्यायालयाचेही कुणाला वाटताना पाहिलेले नाही. केबल पेटीतून काढल्यावर, अंथरल्यावर आणि फरशी बसल्यावर अशी तीन वेळा ते मीटर लावत आणि आकडे चिठ्ठीवर लिहून ती विजेच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवत. लोखंडी करणी बाजूला ठेवून प्लास्टिकची घेत. केबल तुटताच किंचाळणारे एक छोटे यंत्र तिच्या टोकांना जोडून ठेवत. त्याला त्यांनी 'राखणदार' असे नाव दिले होते. हिने विचारले, "तात्या, तो चुकून ओरडला तर?" "तर मी थांबतो, वहिनी. यंत्र उगाच ओरडत नाही. ते काम माणसांचं."

त्यांचे दुसरे तत्त्व घाई न करण्याचे. माल आपल्या वेळेने वाळू द्यायचा. घाईने ऊब दिली की तो आतून पकड सोडतो, असे ते म्हणत. त्या सोमवारी निघताना त्यांनी थर्मोस्टॅटच्या बटणावर चिकटपट्टी लावली आणि आम्हा दोघांना समोर उभे करून बजावले, "चार आठवडे हात लावायचा नाही. वहिनी, थंडी वाजली तर दोन दोन मोजे घाला, पण बटण नको." केबल बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीपुस्तकातही हेच छापलेले होते. मी ते दोनदा वाचले होते.

तीन आठवडे उलटले तेव्हा देवघराशी सांधे तडकले आणि चार फरश्या पायाखाली हलू लागल्या. बोलावल्याबरोबर तात्या आले. ठोकून पाहिले, तळहात टेकवला, भिंतीवरच्या थर्मोस्टॅटकडे एकवार बघितले आणि पाणी प्यायला हिच्यामागे सिंककडे गेले. तिथे दोघे काहीतरी हळू बोलले. परत आले ते म्हणाले, "साहेब, माझ्या हातनं चूक झाली असंल. रविवारी येतो. हलक्या हातानं केबल वाचवून काढतो आणि परत बसवून देतो."

माझी नोकरी विमा कंपनीत दावे तपासण्यात गेली. कबुली कानावर पडली की माझा हात कागदाकडे जातो. त्याच दुपारी मी ठेकेदाराला सविस्तर पत्र लिहिले, तात्यांचे वाक्य अवतरणचिन्हांत घालून. ठेकेदाराने एक प्रश्नही न विचारता त्यांना काढले, आणि गावातल्या सर्व ग्राहकांना ईमेल पाठवला, की सदोष काम करणाऱ्या कारागिराला कमी करण्यात आले आहे. नाव घातले नव्हते. गरजच नव्हती, आमच्या लोकांच्या घरांतून फरशी बसवणारे मराठी गृहस्थ एकच होते.

तरीही रविवारी ते आले. हातात स्वतःची पिशवी, काखेत गुडघ्याखाली घ्यायची सतरंजी. मी दार अर्धे उघडून म्हणालो, "आता जे काही असेल ते कंपनीमार्फत." ते म्हणाले, "बरं साहेब. तेवढी केबल जपायला सांगा त्यांना. ती चांगली आहे." मी दार लावले.

कंपनीची नवी माणसे आली आणि त्यांनी फरशी उखडताना पहिल्याच तासात केबल तोडली. तात्यांना पुन्हा कुणी कामाला बोलावले नाही. उन्हाळ्यात ते मिरजेला परतले. अमेरिका का सोडलीत, असे कुणी विचारले की म्हणायचे, "थंडी सोसेना." हे मला मीनलकडून कळले, ते गेल्याचे सांगायला तिने फोन केला तेव्हा. थोडे बोलून झाल्यावर ती म्हणाली, "काका, एक विचारू? रागावू नका. चूक खरंच बाबांची होती का? त्यांनी मला कधी क्लिअरली सांगितलंच नाही."

मी म्हणालो, "नोंद तशी आहे, बाळ."

फोन ठेवला तेव्हा ही दारात उभी होती. म्हणाली, "नोंद खोटी आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका यायच्या होत्या, अनवाणी बसणार होत्या. तुम्ही जोशांकडे मुक्कामाला गेला होतात. मी पट्टी काढली. वाटलं, दोन तास लावू. गडबडीत बंद करायचं राहिलं ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. मग पट्टी परत चिकटवली. तात्यांना मी सांगितलं होतं. ते म्हणाले, साहेबांना सांगू नका वहिनी, फरशी काय, परत बसंल."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मलाही पत्र लिहिलं असतं."

मी उठून थर्मोस्टॅटपाशी गेलो. थर्मोस्टॅट कधी सुरू झाला, याची नोंद त्याच्यातच साठलेली असते. तक्रार लिहिण्यापूर्वी ती पाहायला मला दोन मिनिटे पुरली असती. इतरांच्या दाव्यांत असली कसूर मी कधी खपवून घेतली नाही.

मीनलला मी त्याच दिवशी उलट फोन करून सर्व सांगितले. मग ठेकेदाराला रजिस्टर्ड पत्राने कळवले, की माझी तक्रार असत्य होती. नोंदीची प्रत सोबत जोडली. उत्तर एका ओळीचे आले : प्रकरण बंद झाले आहे. पुढच्या दोन पत्रांना तेवढेही नाही.

म्हणून आता ही मागणी इथल्या मराठी मंडळाच्या अंकातून, उघडपणे. ठेकेदार महाशय, ज्या ग्राहकांना आपण तो ईमेल पाठवलात, त्याच सर्वांना लिहा, की तात्यांचे काम निर्दोष होते, ते ग्राहकाच्या घरच्यांच्या चुकीने बिघडले आणि आपण चौकशी केली नाही. माझे नाव खुशाल घाला. लिहिणार नसाल, तर का नाही, तेही त्यांनाच कळवा. मीनलने मला परवा विचारले, "काका, तुम्ही खरं सांगितलंत, मग कंपनी तसं लिहून का देत नाही?" याचे उत्तर आपण द्यायचे आहे, सर्वांसमोर.