चिकाची वेल

माझी मेणवेल तोडली त्याला आता कितीतरी वर्षं झाली, पण तो राग काही जुना होत नाही. ‘वेलच तर होती, जाऊ दे,’ असं सांगणाऱ्या बायका मी ओळखून आहे. त्यातल्या एकीनेही आयुष्यात तुळशीपलीकडे काही लावलेलं नाही.

लग्न होऊन मी इंझोरीहून कामरगावला आले, तेव्हा आमच्या मागच्या गल्लीत बांगड्या भरणाऱ्या मन्यारांचं घर होतं. घरातल्या म्हातारीला सगळा गाव चाची म्हणे. चाचीचा भाऊ अमरावतीला कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यावर माळी होता. तो येताना ओल्या फडक्यात वेलींचे तुकडे गुंडाळून आणायचा. चाची त्यांना मोमबेल म्हणायची, मी मेणवेल म्हणू लागले. तिचं खरं नाव होया, हे मला फार पुढे कळलं.

चाचीकडे तीन जाती होत्या. एक जाड हिरव्या पानांची. तिला गुलाबीसर फुलांचा गेंद यायचा आणि प्रत्येक फुलाच्या मधोमध लालचुटुक चांदणी. हात लावला तर फूल मेणाचं वाटायचं. दुसरीच्या पानांना दुधी किनार होती. तिसरी बारीक पानांची, खाली लोंबणारी, पांढऱ्या फुलांची. मी अर्थातच किनारवालीवर बोट ठेवलं. नवी नवरी, किनारीलाच भुलणार!

“पानं पाह्यची का फुलं, हे पह्यले ठरव, बेटी,” चाची म्हणाली. “थे किनारवाली नुसती नखरेवाली हाये. पाच साल झाले, एक फूल देलं नाई तिनं. अन् बारीक पानाची आपल्या उन्हात टिकत नाई, मह्यापाशी दोनदा मेली. तू हे साधी ने.”

मी मनाविरुद्ध साधी घेतली. दोन पेरांचा तुकडा कापला तेव्हा भळभळ पांढरा चीक आला. तो वाळू द्यायचा, मगच लावायचा. राकेलच्या डब्याला तळाशी भोकं पाडली, त्यात विटांचे तुकडे, कोळसा, वाळू आणि कुजलेला पाला घातला. भांडं लहानच हवं, मुळं दाटली तरच ती फुलते. पाणी जपून द्यायचं. उन्हाळ्यात मी तिच्यापुढे ओलं गोणपाट टांगत असे. आणि चाचीने बजावलं होतं की फूल गळलं तरी त्याची दांडी तोडायची नाही, पुढल्या वर्षी त्याच दांडीवर पुन्हा गेंद येतो. वाळकी काडी म्हणून खुडलीस तर स्वतःच्या हाताने फुलं घालवशील, असं ती म्हणाली होती.

वेल ओसरीच्या खांबावर चढली. चौथ्या वर्षी पहिला गेंद आला. संध्याकाळी वास सुटायचा आणि फुलांतून मधाचे थेंब ओघळायचे. आमचे हे शेतातून आले की हातपाय धुण्याआधी तिथे उभे राहायचे. एवढं मी त्यांच्या बाजूने सांगते, पुढे सांगण्यासारखं फारसं नाही.

कारण त्या चार वर्षांत मला मूल झालं नव्हतं.

एकदा वाऱ्याने वेलीचं पान मोडलं आणि सासूबाईंनी तो चीक पाहिला. झालं! आमच्याकडे चीक निघणारं झाड दारात लावू नये म्हणतात.

“चिकाचं झाड दारात, मंग कूस कशी उजवंन?” त्या मला म्हणाल्या. “काढून टाक थे.”

“उंबराले चीक नाई का? त्याच्याखाली तर देव मांडता तुमी,” मी म्हटलं. “वडाले चीक नाई का? त्याले दोरा गुंडाळून सात जन्माचा नवरा मांगता!”

“तोंड लय चालते तुह्यं. बाकी काई चालत नाई.”

हे वाक्य मी विसरणार नाही. त्या आता नाहीत, तरी विसरणार नाही. त्या दिवसापासून येणारी-जाणारी प्रत्येक बाई आधी वेलीकडे बघायची आणि मग माझ्या पोटाकडे. यांनी कधी आईला गप्प बस म्हटलं नाही. मला मात्र म्हणायचे, “तू काहून मनावर घेतं?” मनावर नाही तर काय पाठीवर घेऊ?

पाचव्या वर्षी त्याच जुन्या दांड्यांवर कळ्या धरल्या, आदल्या वर्षीपेक्षा दुप्पट. आणि त्याच सुमारास मला दिवस गेले. मी कुणाला सांगितलं नाही. तिसरा महिना पुरा होईस्तोवर तोंडातून काढायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. नागपंचमीला बैलांच्या दमणीतून माहेरी गेले, फक्त आईला सांगितलं. ती म्हणाली, “कोनाले बोलू नको. नवऱ्यालेही नाई.” मी मनात ठरवलं, परत गेले की कळ्या उमललेल्या असतील, तोवर तिसरा महिनाही सरत येईल, मग तिथेच उभं राहून यांना सांगायचं.

चार दिवसांनी परत आले तर खांब उघडा. वेल बुंध्यापासून कापून उकिरड्यावर टाकलेली, कळ्यांसकट. आणि कापली होती यांनी, स्वतःच्या हाताने.

“आईच्या जिवाले बरं वाटलं,” हे खाली बघत म्हणाले. “वेल काय, दुसरी लावू.”

माझा तोल गेला. रीत गेली खड्ड्यात. “मले दिवस गेले हायेत!” मी ओरडले.

मला वाटलं, शरमेने मान खाली जाईल. कसली शरम! यांचा चेहरा असा उजळला की बघवेना. “पाह्य!” हे म्हणाले. “तोडली अन् लगेच!”

“लगेच? चार दिवसांत? मले तिसरा महिना सरत आला हाये!”

पण ऐकतंय कोण! सासूबाईंनी साखर वाटली आणि साखरेबरोबर ती गोष्टही वाटली. गावात कोणी दारातला चाफा तोडला, कोणी पपई. आमच्या गल्लीतल्या एकीने चाफा तोडला, तरी तिला मूल झालं नाही, आणि तिच्या नवऱ्याने दुसरी आणली. तिची गोष्ट मात्र सासूबाईंनी कधी कुणाला सांगितली नाही.

मुलगी झाली. देवाशपथ सांगते, तिच्या बारशालाही मी धड हसले नाही. प्रत्येक ओठावर तीच वेल होती. माझी नऊ महिन्यांची मेहनत एका विळ्याच्या नावावर गेली.

मुलगी दोन वर्षांची झाल्यावर मी चाचीकडून पुन्हा तुकडा आणला, तीच साधी जात, आणि माझ्या खोलीच्या खिडकीशी लावला. “याले कोनी हात लावला तं मी इंझोरीले निघून जाईन,” असं जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं. कोणी लावला नाही. ती फुलायला पुन्हा चार वर्षं गेली.

कळ्या आल्या त्या आठवड्यात एका सकाळी पाहते तर मुलगी खिडकीशी, हातात विळा.

“आजी म्हनते मी अशीच आली,” ती म्हणाली. “मले भाऊ पायजे.”

मी विळा हिसकला आणि तिच्या थोबाडीत दिली. सहा वर्षांचं लेकरू! जो राग सासूवर आणि नवऱ्यावर निघायला हवा होता, तो तिच्या गालावर निघाला. मी तिला जवळ ओढलं आणि सांगितलं, “आजी खोटं सांगते. वेल तोडली तवा तू मह्या पोटात होती. आधीच होती.”

ती गाल चोळत होती.

“बाबाले ठाव होतं?”

“नाई.”

“सांगतलं असतं तं तोडली नसती ना बाबानं. मंग तू काहून नाई सांगतलं?”

सासूबाईंना उत्तर देताना माझी जीभ कधी अडली नव्हती. त्या पोरीपुढे अडली. तीन महिने गप्प राहायचं हे मला आईने सांगितलं होतं, आणि मी तिला एकदाही ‘काहून’ म्हणून विचारलं नव्हतं.