पुढच्या भोकातला लांब स्क्रू

बंदुकीबद्दलचं माझं मत आधीच सांगून टाकते: घरात नको. ऑस्ट्रेलियात स्प्रिंगफील्ड लेक्सला मावसभावाकडे, म्हणजे दादाकडे राहत होते तेव्हा हे मी जेवताना, भांडी घासताना, पाहुण्यांसमोरही ऐकवायचे. दादाकडे रीतसर लायसन्स, क्लबची मेंबरशिप, लोखंडी कपाट. "तुझं पत्रक वाचून झालं की सांग, मग मी जेवतो," एवढंच तो म्हणायचा.

पत्रकं मी खरंच काढायचे, जनावरांच्या बाजूने; कोरोनाच्या त्या वर्षीचं होतं कोल्ह्यांसाठी टाकतात त्या विषावर. मांसाच्या तुकड्यात घालतात. खाल्लेलं जनावर कसं तडफडतं ते मी मोठ्या टायपात छापलं होतं. आणि तेव्हाच फोन आला. तासाभरावर मेंढ्या पाळणाऱ्या एकट्या आजींचा; दादा त्यांच्या शेतावर ससे मारायला जायचा. मुलगा शेजारच्या राज्यात, सिडनीत अडकलेला, राज्याची सीमा बंद. कोल्हा कोकरं उचलत होता. शेजारचा शेतकरी दुसऱ्या दिवशी कुंपणालगत विष टाकणार होता. आजींची म्हातारी कुत्री दिसेल ते तोंडात घालायची, आणि त्या घरात आजींना तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

"बांधून ठेवा ना तिला," मी स्पीकरवर आजींना म्हटलं.

"लव्ह, ती कधी बांधून राहिलेलीच नाही. एकदा बांधली तर घसा बसेपर्यंत रडली." आजी सगळ्यांनाच लव्ह म्हणायच्या.

दादा म्हणाला, उद्या सकाळीच येतो. रायफलचा नवा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, घरात पडून होता, बंदुकीच्या दुकानातला कारागीर आयसोलेशनमध्ये. म्हणून दादाने डायनिंग टेबलवर स्वतःच बसवला. मग रायफलचा बोल्ट, गोळी आत सरकवून नळी बंद करणारा भाग, बंदच होईना. त्याचा दांडा अर्धा खाली यायचा आणि अडायचा.

"जोर लाव की," वहिनी ओट्याजवळून म्हणाली.

"जोर लावून मोडायचीय का?" दादाचा चेहरा उतरला होता. "गेली वाटतं गं. आता आजींना काय सांगू?"

मला चीड आली. मुलाला आईकडे येऊ द्यायचं नाही, आणि आईच्या दाराशी विष पेरायचं! मी खुर्ची ओढली. "काय काय हलवलंस ते सांग."

रायफल रिकामी असल्याचं त्याने पुन्हा पाहिलं, मलाही दाखवलं. पहिला संशय, दांडा स्कोपला लागतोय. मी पत्रकाची एक पट्टी फाडून मधून सरकवली. आरामात गेली. लाकडी दस्त्याचे स्क्रू त्याने सोडलेच नव्हते. उरल्या स्कोपखालच्या दोन लोखंडी पट्ट्या.

"स्कोप उतरव. मग पट्ट्यांचा एकेक स्क्रू काढ, दर वेळी बोल्ट लावून बघ."

"तुला यातलं काय कळतं?"

"काही नाही. म्हणूनच एकेक म्हणतेय."

मागचे काढले, फरक नाही. अगदी पुढचा काढला आणि बोल्ट लोण्यासारखा बसला. त्या स्क्रूचं टोक घासून चकाकत होतं. दुसऱ्याशेजारी ठेवला तर लांब भरला. दादाने सगळे स्क्रू एकाच वाटीत काढले होते, आणि आखूडच्या जागी लांब गेला होता. त्याचं टोक आत घुसून बोल्टची वाट अडवत होतं.

"आणि म्हणे मेकॅनिकल इंजिनिअर!" वहिनी.

"आयटीत येऊन गंजलो," दादा म्हणाला. अदलाबदल करून त्याने स्कोप चढवला, बोल्ट चारदा चालवून पाहिला. "झालं. सकाळी निघू आणि उडवू."

"नव्या स्कोपचा नेम कुठे लावलायस? कोल्हा पाय मोडून पळाला तर दोन दिवस मरत राहील. मग विषात आणि तुझ्यात फरक काय?"

"अगं, नेम लावायला उद्याचा दिवस जाईल. तोवर तो शेजारी विष टाकेल!"

मीच फोन केला. आजींना म्हटलं, एक दिवस थांबवा त्याला.

"एक दिवस म्हणजे अजून एक कोकरू, लव्ह."

मी "हो" म्हटलं.

"बरं. एकच दिवस."

त्या रात्री कोकरू गेलंच. दुसऱ्या दिवशी आजींनी चहा दिला. दादाने मातीच्या बांधासमोर पुठ्ठा लावून भोकं एका जागी येईपर्यंत नेम बसवला. तिन्हीसांजेला एकच बार झाला. मी व्हरांड्यात कुत्रीचे कान दाबून बसले होते. दादा आला, काम झालं म्हणून मान हलवली. शाबासकी मी दिली नाही.

आजींनी शेजाऱ्याला फोन लावला. "नको रे मेट, विषाची गरज नाही आता." तेवढ्यात कुत्री माझी सँडल उचलून टेबलाखाली गेली आणि आजी फोन हातात तसाच धरून तिच्यावर खेकसल्या, "सोड ती! चोरटी कुठली!"